दहा वाजून एकोणसाठ मिनिटं

जुलै 1997. जर्मनीतल्या हॅनोव्हर शहराच्या ट्राम कंपनीला चाकांत तडे सापडतात. ही चाकं जोडणीची आहेत: आत चक्र, त्याभोवती रबराचं कडं, वरून पोलादी धाव. त्याच वर्षी कंपनी इतर रेल्वेंना सावध करते. जर्मन रेल्वे डॉइच बान कळवते, आमच्याकडे असं काही आढळलेलं नाही.

एप्रिल-मे 1998. आयसीई या वेगवान जर्मन गाड्यांपैकी एकीच्या एकाच बोगीबद्दल, म्हणजे चाकांच्या सांगाड्याबद्दल, कर्मचारी आठ वेळा तक्रार करतात: आवाज येतो, हादरे बसतात. आठही तक्रारी गाडीवरच्या संगणकात नोंदल्या जातात. चाक बदललं जात नाही.

शेवटचा आठवडा. स्वयंचलित तपासणी तीन वेळा तेच चाक सदोष ठरवते. म्यूनिकच्या कारखान्यात मात्र चाकं टॉर्चच्या उजेडात पाहिली जातात, कारण यंत्रं खोटे इशारे फार देतात. तडा धावेच्या आतल्या बाजूला आहे. टॉर्चला तो दिसणार नाही.

3 जून 1998, 5:47. म्यूनिक. आयसीई 884 हॅम्बुर्गकडे निघते. 12 डबे, दोन्ही टोकांना इंजिन. पहिल्या डब्याच्या तिसऱ्या आसावरची धाव सुमारे 18 लाख किलोमीटर धावली आहे. नव्या चाकाचा व्यास 920 मिमी असतो. याचा 862 उरला आहे. 854 पर्यंत चालतो.

10:30. हॅनोव्हर. गाडी थांबते आणि पुढे निघते.

10:57 च्या सुमारास. एशेड गाव सहा किलोमीटरवर. वेग ताशी 200. धाव तुटते, सरळ होते आणि पहिल्या डब्याची जमीन फोडून दोन आसनांमधून वर येते. चालकासमोर कसलाही इशारा उमटत नाही.

10:58. त्या डब्यातला एक प्रवासी तिसऱ्या डब्यापर्यंत चालत जाऊन कंडक्टरला गाठतो. आधी स्वतः पाहायचं, मग गाडी थांबवायची, असा रेल्वेचा नियम. आपत्कालीन ब्रेक ओढला जात नाही.

10:59. धाव रूळ बदलणाऱ्या पहिल्या सांध्यात अडकते. डबा रुळावरून उतरतो. पुढच्या सांध्यावर घसरलेलं चाक सांधा फिरवतं. तिसरा डबा रुळांवरच्या पुलाच्या खांबांवर आदळतो. पूल मागच्या डब्यांवर कोसळतो.

पुढचं इंजिन एकटंच स्थानक ओलांडून जातं. मागे डबे नाहीत, हे चालकाला स्थानकातून रेडिओवर कळतं.

101 मृत्यू.

ती चाकं काही आठवड्यांत काढली गेली आणि अखंड पोलादी चाकं बसली. आज युरोपात ताशी 250 किमी किंवा त्याहून अधिक वेगासाठी बांधलेल्या गाडीवर आसाच्या बेअरिंगचा बिघाड ओळखणारी यंत्रणा सक्तीची आहे. पण एशेडमध्ये इशारे कमी पडले नव्हते. आठ तक्रारी झाल्या, तीन तपासण्या झाल्या, एक माणूस स्वतः सांगायला गेला. सेन्सर बसवला म्हणजे काम झालं असं नाही. त्याने दिलेल्या इशाऱ्यावर गाडी थांबवणं सर्वांना बंधनकारक असलं पाहिजे.