विटांचे चर्च आणि फुटलेल्या घंटा

प्रार्थनास्थळाच्या इतिहासाचा विषय निघाला की आपल्याकडे ‘कोणी बांधले, कोणी पाडले’ एवढ्यावरच चर्चा थांबते. पडल्यानंतर काय झाले, हे फारसे कोणी विचारत नाही. त्यासाठी जर्मनीतील ल्युबेक शहराच्या सेंट मेरी चर्चचा इतिहास जाणून घ्यावा.

बाल्टिक समुद्राजवळचे ल्युबेक हे हान्सा या व्यापारी संघाचे प्रमुख शहर. फ्रान्समधील उंच गॉथिक चर्च दगडात बांधलेली. ल्युबेकच्या परिसरात बांधकामाचा दगड दुर्मीळ, चिकणमाती मात्र भरपूर. म्हणून साधारण १२५० ते १३५० या काळात हे चर्च भाजलेल्या लाल विटांत उभे राहिले. मधल्या दालनाचे कमानदार छत ३८.५ मीटर उंच आहे. विटांच्या अशा छतांत ते जगात सर्वांत उंच मानले जाते. छताचा भार भिंतींना बाहेर ढकलतो, म्हणून त्यांना बाहेरून कमानींचा टेकू दिला आहे. दोन मनोरे सुमारे १२५ मीटरचे. बिशपचे कॅथेड्रल शहराच्या दुसऱ्या टोकाला. हे बाजारपेठेजवळचे चर्च व्यापाऱ्यांचे. आपण बिशपपेक्षा कमी नाही, हे त्यांनी बांधकामातूनच दाखवून दिले.

२८ मार्च १९४२ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी बॉम्ब टाकले आणि चर्च पेटले. घंटा कोसळून फुटल्या. भिंतींवरचा चुना गळून पडला आणि त्याखाली मध्ययुगीन चित्रांचे अवशेष दिसले. युद्धानंतर त्यांच्या दुरुस्तीचे काम झाले. १९५१ मध्ये मोठा समारंभ झाला, टपाल तिकिटेही निघाली. पण १९५२ मध्ये लोथार माल्स्कट या चित्रकाराने स्वतःच कबुली दिली: वेदीकडच्या भागातील ‘प्राचीन’ चित्रे त्याने नव्याने काढली होती. खटला चालला, शिक्षा झाली. ती चित्रे पुसून टाकण्यात आली.

फुटलेल्या घंटा मात्र दक्षिण मनोऱ्याच्या तळाशी आजही पडल्या जागी आहेत. त्या कोणी जोडल्या नाहीत, उचलल्याही नाहीत. युद्ध जर्मनीनेच सुरू केले होते, हेही तिथे येणाऱ्याला ठाऊक असते.

आपल्या मशिदी, दर्गे, मंदिरे, किल्ले यांचा इतिहास सांगताना आपणही कधी कधी मोकळ्या जागी मनाजोगी चित्रे रंगवतो. ऐकायला ती गोड वाटतात. पण मुलांच्या हाती द्यायचा इतिहास त्या घंटांसारखा असावा: फुटलेला असला तरी खरा.