फिनलंडची शाळा बारामती-इंदापूरला चालेल का? समजून घ्या दोन शिक्षणपद्धतींमधला फरक

"फिनलंडमध्ये होमवर्क नाही, परीक्षा नाही, तरी तिथली पोरं जगात हुशार!" असा रील तुमच्याही मोबाईलवर कधीतरी आला असेल. पालकांच्या ग्रुपवर तो पडला की खाली एक कमेंट ठरलेली असते, "आपल्याकडे असं कधी होणार?"

पण रीलमधलं सगळं खरं आहे का? आणि त्यातलं बारामती-इंदापूरच्या शाळेत काय चालेल?

फिनलंडमध्ये नेमकं काय आहे?

तिथे मूल सातव्या वर्षी पहिलीत जातं. त्याआधी एक वर्ष पूर्वप्राथमिक शिक्षण सक्तीचं आहे, पण त्यात भर खेळण्यावर असतो. पहिली ते नववी एकच शाळा. २०२१ पासून शिक्षण १८ वर्षांपर्यंत सक्तीचं झालंय.

होमवर्क नाही, हे चूक आहे. होमवर्क असतो, पण थोडा. परीक्षा नाहीत, हेही अर्धवट आहे. शिक्षक आपापल्या वर्गात चाचण्या घेतात. सगळ्या देशाची एकच मोठी बोर्ड परीक्षा मात्र उच्च माध्यमिकच्या शेवटी होते. आपल्यासारखं दहावीचं टेन्शन तिथे नाही.

आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडे मूल साधारण सहाव्या वर्षी पहिलीत जातं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि ६ ते १४ वयाच्या मुलांचं शिक्षण मोफत व सक्तीचं झालं. आठवीपर्यंत नापास न करण्याचं धोरण होतं. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आणली. शिवाय स्कॉलरशिप परीक्षाही असते. म्हणजे दहा वर्षांच्या पोराच्या मागेही परीक्षा आहेच.

एका बाबतीत मात्र आपण मागे नाही. फिनलंडमध्ये १९४८ पासून शाळेत सगळ्यांना मोफत जेवण मिळतं. आपल्या सरकारी आणि अनुदानित शाळांतही आठवीपर्यंत पोषण आहार मिळतो.

शिकवण्यात फरक कुठे पडतो?

पहिला फरक शिक्षकांच्या तयारीचा. तिथे प्राथमिक शिक्षकालाही पदव्युत्तर पदवी लागते. आपल्याकडे पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एल.एड. आणि टीईटी पास असणं लागतं.

दुसरा फरक विश्वासाचा. फिनलंडने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शाळा तपासणी बंद केली. कसं शिकवायचं हे शिक्षक ठरवतो. आपल्याकडे शिक्षकाच्या मागे ऑनलाइन माहिती भरणं, निवडणूक, जनगणना अशी कामंही असतात. तरी मोकळीक मिळाली की काय होतं, याचं उदाहरण इंदापूरला लागूनच आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्याचं त्यांचं काम गाजलं आणि २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला.

तिसरा फरक वागण्याचा. तिथे मुलं शिक्षकांना सरळ नावाने हाक मारतात. आपल्याकडे 'गुरुजी', 'सर', 'मॅडम'. यात वाईट काही नाही. पण धाकामुळे पोरगं "मला समजलं नाही" म्हणायला घाबरत असेल, तर मात्र अडचण आहे.

चौथा फरक हाताच्या कामाचा. तिथे हस्तकला सक्तीची आहे, ती १८६६ पासून. आपल्याला हे नवीन नाही. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याला 'नई तालीम' मांडली, तीही हस्तोद्योगातून शिक्षण अशीच होती. पण पुढे 'कार्यानुभव' फक्त वेळापत्रकात उरला.

फिनलंड अजूनही नंबर वन आहे का?

नाही. 'पिसा' या जागतिक चाचणीत २००६ मध्ये फिनलंडचे गणिताचे सरासरी गुण ५४८ होते, २०२२ मध्ये ते ४८४ वर आले. त्यामुळे 'फिनलंड पॅटर्न' म्हणून कुणी जास्त फी सांगत असेल, तर एवढं लक्षात ठेवा. गंमत म्हणजे फिनलंडमध्ये खाजगी शाळा अगदी थोड्या आहेत, आणि त्यांनाही सक्तीच्या शिक्षणासाठी सहसा फी घेता येत नाही.

मग आपला खरा प्रश्न कोणता?

फिनलंडच्या यशामागे एक साधी गोष्ट आहे. घराजवळची शाळा सगळ्यांसाठी सारखी चांगली असते आणि मागे पडलेल्या मुलाला लवकर मदत मिळते.

आता आपल्याकडे बघा. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर इथल्या कारखान्यांची धुराडी पेटली की बीड, अहिल्यानगरहून ऊसतोड कुटुंबं येतात. शाळा जूनला सुरू होते आणि दिवाळीच्या आसपास यांची पोरं गाव सोडतात. फडात आई-बाप कोयता चालवतात, थोरली पोरगी कोपीवर धाकट्याला सांभाळते. मार्च-एप्रिलमध्ये परत जाईपर्यंत वर्ग पुढे निघून गेलेला असतो. होमवर्क किती असावा हा या पोरीचा प्रश्नच नाही.

यासाठी कायदा आहे. दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश अडवू शकत नाही. मुलाला वयानुसार वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेलं भरून काढायला वेगळं शिकवायचं, हेही कायद्यातच आहे. गावी थांबणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. स्थलांतर करणाऱ्यांसाठी शिक्षण हमी पत्र आहे, ते दाखवून नव्या गावच्या शाळेत बसता येतं.

आपण काय करू शकतो?

पालक असाल तर शाळेत टक्के विचारण्याआधी हे विचारा: माझं मूल न घाबरता प्रश्न विचारतं का? मागे पडलं तर कोण आणि कधी मदत करतं? आणि तुमच्या शिवारात टोळी उतरली असेल, तर त्यातली मुलं शाळेत जातात का ते बघा. जात नसतील तर जवळच्या मुख्याध्यापकांना सांगा. फिनलंडकडून घ्यायचंच असेल, तर एकही पोर मागे न सोडण्याची ही सवय आधी घ्यावी. तिला वेगळी फी लागत नाही.