तिरप्या अक्षराची कुळकथा

छापील इंग्रजी पानावर मधूनच एखादा शब्द पुढें झुकलेला आढळतो. ग्रंथाचें नांव, जहाजाचें नांव, परभाषेंतील शब्द, किंवा ज्यावर विशेष भर द्यावयाचा असा शब्द, यांसाठीं हीं इटालिक अक्षरें योजण्याची पद्धति आहे. वाचणाराच्या डोळ्यांना त्यांची इतकी संवय झालेली असते कीं, सरळ अक्षरच थोडें कलतें करून हें बनविलें असावें असें सहज वाटतें. वस्तुस्थिति निराळी आहे. सरळ आणि तिरपें हीं सख्खीं भावंडें नव्हत. दोन वेगळ्या कुळांत जन्मून तीं पुढें सोयरिकीनें एकत्र आलीं.

इ.स. १५०१ सालीं व्हेनिस येथील प्रख्यात मुद्रक आल्डस मॅन्युशियस यानें व्हर्जिल कवीचीं काव्यें लहान आकाराच्या ग्रंथांत छापलीं. त्यासाठीं फ्रांचेस्को ग्रिफो या कुशल कारागिरानें नवे ठसे कोरले होते. त्या काळचे इटालियन विद्वान् ज्या वळणानें झरझर लिहीत, त्याचाच हा नमुना होता. सबंध ग्रंथ या अक्षरांत छापलेला होता. त्यांतील मोठ्या लिपीचीं अक्षरें मात्र सरळ उभींच होतीं. यावरून हें उघड होतें कीं, या अक्षराचें मूळ लक्षण कलणें हें नसून हाताची गति हें होय. सरळ अक्षराच्या जोडीला साहाय्यक म्हणून त्याला बसविण्याची रीति मागाहून पडली.

टोकांना बारीक फराटे नसलेल्या, म्हणजे सॅन्स-सेरिफ, अक्षराचा जन्म याहून फार अलीकडचा. छापण्याच्या खिळ्यांत तें प्रथम १८१६ च्या सुमारास लंडनच्या चौथ्या विल्यम कॅस्लनच्या नमुन्यांत दिसतें, आणि तेंही केवळ मोठ्या लिपीचें. पुढें जाहिराती, पाट्या आणि मथळे यांतच तें वाढलें. त्याच्या घराण्यांत लेखणी नव्हती. म्हणून त्याला इटालिकही नव्हतें. गरज पडली कीं सरळ अक्षरच कलतें करून काम भागवीत.

या अक्षराला घरंदाजपणा आणण्याचें श्रेय बऱ्याच अंशीं एडवर्ड जॉन्स्टन आणि त्याचा शिष्य एरिक गिल यांना आहे. जॉन्स्टननें लंडनच्या भुयारी रेल्वेसाठीं १९१६ सालीं नवें अक्षर सिद्ध केलें. गिल (१८८२–१९४०) हा दगडावर अक्षरें कोरणारा शिल्पी. १९२६ सालीं त्यानें ब्रिस्टल येथील एका पुस्तकाच्या दुकानाची पाटी रंगविली. ती मोनोटाइप कंपनीचा सल्लागार स्टॅन्ली मॉरिसन याच्या नजरेस पडली, आणि तींतून १९२८ सालीं ‘गिल सॅन्स’ हा टाइप जन्मास आला. १९२९ मध्यें लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेनें स्थानकांवरील पाट्यांपासून वेळापत्रकांपर्यंत त्याचा स्वीकार केला. १९३५ पासून पेंग्विन पुस्तकांच्या वेष्टनांवर तो झळकला.

गंमत अशी कीं, त्याच मॉरिसननें १९२६ सालीं एका निबंधांत असें प्रतिपादिलें होतें कीं, सरळ अक्षराशीं भांडूं नये म्हणून इटालिक हें केवळ कलतें केलेलें सरळ अक्षर असावें. गिल सॅन्सचें इटालिक हा उपदेश सर्वस्वीं पाळीत नाहीं. त्यांतील बहुतेक अक्षरें शांतपणें कललेलीं आहेत खरीं. परंतु सरळ टाइपांत दुमजली असलेला ‘ए’ येथें हातच्या लिपीप्रमाणें एकमजली होतो, आणि ‘पी’च्या पोटाची रेघ दांड्याच्या डावीकडे किंचित् डोकावते. तेवढ्या एका शेपटींत लेखणीची आठवण टिकून राहिली आहे. खुद्द मॉरिसनच्या देखरेखीखालीं १९३२ सालीं टाइम्स पत्रासाठीं झालेल्या टाइपालाही जुन्या परंपरेचेंच इटालिक मिळालें.

हा वाद निव्वळ हौसेचा नव्हे. अक्षर यंत्रानें कलतें केलें कीं वाटोळ्या ‘ओ’ची एक बाजू फुगते, दुसरी आखडते, आणि पान वांकडें भासतें. म्हणूनच एड्रियन फ्रुटिगर याला आपल्या १९५७ च्या युनिव्हर्स टाइपाचीं कलतीं अक्षरें नजरेनें पारखून दुरुस्त करावीं लागलीं. त्याच्याच नांवाचा, १९७६ सालचा टाइप प्रथम कलत्या अक्षरांवरच चालला. २००० सालच्या सुधारलेल्या आवृत्तींत मात्र त्याला खरें इटालिक देण्यांत आलें.

मराठी वाचकाला हें नातें समजणें अवघड नाहीं. मोडी म्हणजे बाळबोध अक्षर कलतें करून लिहिणें नव्हे. लेखणी फारशी न उचलतां लिहिण्याची ती स्वतंत्र चाल होती. १८१० सालीं श्रीरामपूर येथें विल्यम कॅरेचा मराठी कोश मोडी टाइपांत छापला गेला. परंतु पुढें छापखान्यांत बाळबोध रूढ झाली व मोडी दप्तरांतच राहिली. एकाच पानावर दोघींना जोडीनें नांदविण्याची प्रथा पडली नाहीं.

आज संगणकावर एक कळ दाबली कीं देवनागरी अक्षरही तिरपें होतें. शिरोरेघ सपाट राहते आणि तिच्याखालचे दांडे तेवढे कलतात. जणूं तुळई जागेवर आणि खांब ढळलेले. या कलण्याला पूर्वज नाहीं. शब्दावर भर द्यावयाचा तर ठळक टाइप आणि अवतरणचिन्हें मराठींत आहेतच. त्याहून निराळें अक्षर हवें असल्यास तें गिलच्या ‘पी’प्रमाणें आपल्याच लेखणीच्या आठवणींतून काढावें लागेल.