वर्गाचं दार आणि कोर्टाचं दार

प्रवेशाच्या याद्या लागल्या की वकिलीच्या कॉलेजात एक मेळावा असतो. यादीत नाव आलेल्या मुलामुलींना आईवडिलांसह बोलावतात. वर्ग दाखवतात, ग्रंथालय दाखवतात, सरावासाठी मांडलेलं कोर्ट दाखवतात. आमच्या गटातल्या एकीच्या लेकीबरोबर आम्हीही अशा मेळाव्याला गेलो होतो. कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा, असं सर म्हणाले, तेव्हा मागच्या रांगेतली एक आई उठली. म्हणाली, "शिकीन हो पोरगी, पन कोर्टात बाईले केस कोन देते?"

हॉलमध्ये हसू पिकलं. आम्हाला मात्र तो प्रश्न हसण्यासारखा वाटला नाही. या एका प्रश्नापायी बायकांच्या दोन पिढ्या खर्ची पडल्या आहेत, आणि त्या गोष्टीची सुरुवात आपल्या बुलढाण्यातूनही सांगता येते.

1881 साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेवर खटला चालला. वैधव्यात दिवस गेले, लोकलाजेपायी तिने मूल मारलं, असा आरोप होता. तिला फाशी सुनावली गेली. अपिलात फाशी टळली आणि काळं पाणी आलं. वर्तमानपत्रांतून बायकांच्या चालचलणुकीवर तोंडसुख घेणं सुरू झालं. ते वाचून बुलढाण्यात ताराबाई शिंदे पेटून उठल्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे इथल्याच सरकारी कचेरीत कारकून, सत्यशोधक समाजाचे. 1882 साली ताराबाईंचं 'स्त्रीपुरुष तुलना' पुण्यात छापलं गेलं. किंमत नऊ आणे, प्रती 500.

हे पुस्तक म्हणजे आरोपीच्या वकिलाचं भाषणच आहे, असं आम्हाला वाटतं. बायको मेली की पुरुष लगेच दुसरी करतो, मग विधवेलाच बंदी का? ज्या पुरुषामुळे तिच्यावर ही वेळ आली तो कुठे आहे? कोर्टात कोणी विचारले नाहीत असे प्रश्न त्यांनी कागदावर विचारले. कोर्टात उभं राहून विचारण्याची सोयच नव्हती. बाई वकील ही कल्पनाही तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हती. पुस्तकावर टीका झाली, जोतिराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, आणि पुढे पुस्तक विस्मरणात गेलं. 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, म्हणून आज आपल्या हातात आहे.

आता नाशिककडे वळू. 1866 साली तिथे कॉर्नेलिया सोराबजी जन्मली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकताना मुलं तिच्या तोंडावर वर्गाचं दार लावून घेत. तरी ती परीक्षेत वरच्या नंबराने पास झाली. त्या नंबरावर विलायतेला जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. ती नाकारली, कारण एकच: ही मुलगी. मग ओळखीपाळखीच्या लोकांनी वर्गणी जमवली, आणि 1889 मध्ये ती ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात दाखल झाली. तिथे कायदा शिकणारी ती पहिली बाई. परीक्षेला मुलांच्या बरोबरीने बसू द्यावं यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. 1892 मध्ये ती परीक्षा पास झाली.

पदवी मात्र दिली नाही. ऑक्सफर्डला बायकांना पदव्या देण्याची रीतच नव्हती, ती 1920 मध्ये सुरू झाली. कॉर्नेलियाच्या हातात पदवी पडली 1922 साली. परीक्षा आणि पदवी यांत तीस वर्षं! तोवर ती स्वस्थ बसली नव्हती. मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. केली, अलाहाबादची वकिलीची परीक्षाही दिली. तरी कोर्ट तिला वकील मानेना. मग 1904 पासून तिने बंगालमध्ये सरकारी नोकरीत राहून पडद्यातल्या जमीनदारणींची, विधवांची, पोरक्या मुलांची मालमत्तेची कामं पाहिली. अशा 600 हून अधिक जणांना तिचा आधार झाला.

वकील व्हायला निघालेली ती एकटी नव्हती. 1916 साली कलकत्त्यात रेजिना गुहा आणि 1921 साली पाटण्यात सुधांशुबाला हाजरा यांनी अर्ज केले. कायद्याची पदवी हातात असूनही हायकोर्टांनी त्यांना बाई म्हणून परत पाठवलं. अलाहाबादने मात्र 1921 मध्ये कॉर्नेलियाला वकील म्हणून घेतलं. अखेर 1923 साली कायदाच झाला की केवळ बाई आहे म्हणून कोणाला वकिली नाकारता येणार नाही. त्याच वेळी मिठन टाटा बॅरिस्टर होऊन मुंबईला आल्या आणि हायकोर्टात उभ्या राहिल्या.

आणि केस कोण देतं, याचं उत्तर फार लांब शोधायला नको. आपल्या मलकापूरला लागून जळगाव जिल्हा. तिथल्या नाडगावच्या प्रतिभाताई पाटील मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात शिकल्या आणि जळगावच्या कोर्टात वकिली करू लागल्या. 1962 मध्ये आमदार झाल्या, 2007 मध्ये राष्ट्रपती.

मैत्रिणींनो, कॉलेजचा प्रवेश आणि कोर्टाची सनद या आजही दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यास, मग बार कौन्सिलकडे नावनोंदणी, शिवाय अखिल भारतीय परीक्षा. नावनोंदणीला जागोजागी हजारो रुपये घेतले जात. 2024 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्यात लिहिलेल्या 750 रुपयांहून जास्त घ्यायचे नाहीत, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या मुलामुलींकडून 125 रुपयांहून जास्त नाहीत. मेळाव्यात वसतिगृहाचं, फीचं सगळे विचारतात. सनदेचं कोणी विचारत नाही. तुमच्या घरातली पोर यादीत असेल तर हा आकडा लिहून ठेवा.