नवी अ‍ॅडव्हेंचर बाईक घेऊन घाटात जाताय? आधी हे वाचा

पाऊस सुरू झाला की ताम्हिणी, माळशेज, आंबोलीच्या रस्त्यावर बाईकच्या रांगा लागतात. गेल्या काही वर्षांत या रांगेत उंच, रुंद हँडलच्या अ‍ॅडव्हेंचर बाईक बऱ्याच दिसायला लागल्या आहेत. पण "कुठेही जाणारी बाईक" म्हणून विकत घेतलेली गाडी पहिल्याच घाटात अनेकांची परीक्षा घेते. असं का होतं आणि काय काळजी घ्यायची, ते समजून घेऊ.

ही बाईक वेगळी कशी?

या प्रकाराची सुरुवात साधारणपणे बीएमडब्ल्यूच्या १९८० मधल्या 'आर ८० जी/एस' पासून मानली जाते. आपल्याकडे रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ मध्ये आली, हीरोची एक्सपल्स २०० ही २०१९ मध्ये आली आणि ४५२ सीसीची नवी हिमालयन २०२३ च्या अखेरीस.

नव्या हिमालयनचंच उदाहरण घ्या. वजन १९६ किलो, सीटची उंची ८२५ मिलीमीटर, पुढचं चाक २१ इंची. मोठं चाक खड्ड्यांवरून आरामात जातं, पण वळायला थोडा वेळ घेतं. सस्पेन्शन जास्त खालीवर होतं, त्यामुळे पुढचा ब्रेक जोरात दाबला की गाडी नाक खाली घालते. कम्युटर बाईकची सवय असलेल्या हातांना हे नवीन असतं.

बऱ्याच गाड्या चालताना नाही, तर थांबताना पडतात. रस्ता एका बाजूला कललेला असेल आणि तुम्ही उताराकडचा पाय टेकायला गेलात, तर पाय जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून थांबण्याआधी पाय कुठे टेकणार ते बघून ठेवा आणि उंच बाजूचाच पाय टेका. चढावर थांबलात तर मागचा ब्रेक दाबून ठेवा आणि क्लच सोडतानाच तो सोडा. पार्क करताना गाडी गिअरमध्ये ठेवा आणि तिचं तोंड चढाकडे करा. तोंड उताराकडे असेल तर गाडी पुढे सरकून साइड स्टँड मिटू शकतो.

नवी कोरी गाडी लगेच घाटात न्यावी का?

नेता येते, पण बेताने. नव्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो, तो थोडा घासला गेल्यावरच पकड नीट बसते. तोवर गाडी फार झुकवू नका. ब्रेक पॅडही डिस्कवर बसायला वेळ घेतात. इंजिनवर वरच्या गिअरमध्ये चढ ओढायचा ताण देऊ नका. ते धडधडायला लागलं की एक गिअर खाली या. पहिल्या सर्व्हिसला चेनचा ताण, स्पोक आणि नटबोल्ट तपासून घ्या आणि लांबचा प्रवास शक्यतो त्यानंतरच ठेवा.

वळणावर काय करायचं?

वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात शिरल्यावर नाही. टायरची पकड मर्यादित असते. तीच पकड वळायलाही लागते आणि ब्रेकलाही. झुकलेल्या गाडीवर जोरात ब्रेक मारला की दोन्हींना ती पुरत नाही. शिवाय वेग दुप्पट झाला की त्याच वळणासाठी चौपट पकड लागते.

नजर जिथे जायचंय तिथे ठेवा. समोरच्या ट्रककडे किंवा कठड्याकडे बघत राहिलात तर गाडीही तिकडेच ओढली जाते.

आंधळ्या वळणावर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. उजवीकडे वळताना टायर मधल्या पट्ट्याच्या आत असले, तरी झुकल्यामुळे तुमचं डोकं आणि खांदा समोरच्या लेनमध्ये जातो. त्यामुळे उजव्या वळणावर पट्ट्यापासून चांगलं अंतर ठेवा. नागमोडी वळणावर एसटी आणि ट्रकला वळायला जास्त जागा लागते, तिथे त्यांच्या बाजूने घुसू नका.

आणि रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची, हा नियमच आहे.

उतार: खरी परीक्षा इथे

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना तुम्ही हजार मीटरहून जास्त खाली येता. बाईक, चालक आणि थोडं सामान मिळून २८५ किलो धरले, तर हजार मीटर उतरताना सुटणाऱ्या ऊर्जेवर आठ लिटरहून जास्त पाणी उकळेल! त्यातली थोडी हवेच्या विरोधात जाते. उरलेली सगळी ब्रेकवर टाकली तर ते तापतात आणि त्यांची पकड कमी होते.

उपाय जुनाच आहे: ज्या गिअरमध्ये चढाल, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. थ्रॉटल सोडला की इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं. ब्रेक सतत दाबून ठेवू नका, लागेल तेव्हा दाबा आणि सोडा.

पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणं तर पूर्ण चुकीचं. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये, थ्रॉटल बंद असताना उतारावर बहुतेक वेळा पेट्रोलचा पुरवठाच थांबवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळत राहतं. म्हणजे बचत नाहीच, वर इंजिनचा आधारही गेला.

एबीएस आहे ना, मग?

भारतात १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. पण एबीएस फक्त चाक लॉक होऊ देत नाही, रस्त्याची पकड वाढवत नाही. मागच्या चाकाचं एबीएस बंद करायची सोय कच्च्या रस्त्यासाठी असते. डांबरी घाटात ते चालूच ठेवा.

पावसाळ्यातले धोके

पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिसळून निसरडा थर तयार होतो. सावलीतल्या वळणांवर शेवाळ, दरडीखाली लाल माती आणि वळणाच्या आतल्या कडेला खडी असते. धुक्यात हाय बीम लावला तर प्रकाश उलटा डोळ्यांवर येतो, म्हणून लो बीमच ठेवा. ताज्या पडलेल्या मातीखाली फोटोसाठी थांबू नका. वरंधासारखे घाट दरडींमुळे पावसाळ्यात अनेकदा बंद ठेवले जातात, त्यामुळे निघण्याआधी जिल्हा प्रशासनाची सूचना बघा.

लडाखला जाणार असाल तर

खारदुंग ला सुमारे ५,३५९ मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. फ्युएल इंजेक्शन पेट्रोलचं प्रमाण जुळवून घेतं, पण नसलेली हवा आणू शकत नाही, त्यामुळे ताकद कमी होते. तुमच्या शरीराचंही तसंच. लेहला पोहोचल्यावर किमान दोन दिवस आराम करा, मगच वर चढा. डोकेदुखी आणि मळमळ वाढत असेल तर खाली या.

बाईक कितीही दणकट असली तरी घाटात ती कुठे, किती वेगाने जाईल हे तुम्हीच ठरवता. तुमच्या ग्रुपमध्ये कोणी नुकतीच अशी बाईक घेतली असेल, तर पहिल्या राइडआधी त्यांनाही हे नक्की वाचायला द्या.