सिरोंचाचा घाट : न झालेल्या एका बंदराची कथा

वसई, मुंबई आणि गोव्याच्या धर्मग्रामांतील अनेक घरांचे जहाजाशी असलेले नाते पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. आजोबा मालवाहू आगबोटीवर खलाशी वा आचारी होते. नातू आज कॅरिबियन समुद्रातील एखाद्या पर्यटन-जहाजावर वाढप्याचे काम करतो. सुटीवर घरी आला की तो बेटांची नावे सांगू लागतो : सेंट लुसिया, सेंट व्हिन्सेंट, सेंट मार्टिन, डॉमिनिका, मॉन्टसेराट, त्रिनिदाद. ऐकणाऱ्या आजीला वाटते, हा जहाजाचे थांबे सांगतो आहे की संतांची लितानी म्हणतो आहे! पण ‘त्या बेटांवर काय पाहिलेस?’ असे विचारले, तर उत्तर बहुधा एकच असते : ‘धक्का पाहिला.’ काम सोडून लांब जाणे त्याला शक्य नसते. पैसे मोजून आलेल्या प्रवाशाची स्थितीही फारशी वेगळी नसते. सकाळी जहाज धक्क्याला लागते, एखादा किल्ला, एखादे चर्च, थोडी वाळू आणि थोडा बाजार एवढे पाहून होते, आणि सायंकाळी जहाज पुढच्या बेटाकडे निघते.

हे असे वरवरचे उतरणे आजचे नव्हे. ३ नोव्हेंबर १४९३ रोजी, आपल्या दुसऱ्या सफरीत, कोलंबसाला एक डोंगराळ बेट दिसले. तो रविवार होता. म्हणून त्याने बेटाला ‘डॉमिनिका’, म्हणजे प्रभूचा वार, असे नाव दिले. जहाजे उभी करण्याजोगी जागा सापडली नाही, तेव्हा तो बेटावर न उतरताच पुढे गेला. मॉन्टसेराट आणि अँटिग्वा या बेटांना त्याने स्पेनमधील पवित्र मरियेच्या तीर्थस्थानांची व प्रतिमेची नावे दिली, तीही जहाजावरूनच. डॉमिनिकावर राहणाऱ्या कालिनागो लोकांचे आपल्या बेटासाठी स्वतःचे नाव होते : ‘वैतुकुबुली’. ते नाव विचारण्यासाठी खाली उतरावे लागले असते.

पुढे जे उतरले, त्यांतील बहुतेक सोने आणि ऊस यांसाठी उतरले. मूळचे लोक खाणींत आणि साथीच्या रोगांत संपत गेले. त्यांच्या जागी आफ्रिकेतून गुलाम आणले गेले. या पापात ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांचा वाटा मोठा होता, हे लपवून चालणार नाही. पण त्याच किनाऱ्यांवर दुसऱ्या तऱ्हेने उतरलेली माणसेही होती. सांतो दोमिंगो येथे १५११ च्या आगमनकाळात डोमिनिकन धर्मगुरू अंतोनियो दे मोंतेसिनोस यांनी वेदीवरून वसाहतवाल्यांना जाब विचारला, की ही माणसे माणसे नाहीत काय? कार्ताहेना बंदरात १६१० साली आलेले येशूसंघीय संत पेद्रो क्लेव्हर तर बंदरात गुलामांचे जहाज लागले की अन्न, पाणी आणि औषध घेऊन तळच्या अंधाऱ्या कोठारात शिरत. जहाजे येत-जात राहिली. क्लेव्हर १६५४ साली मृत्यू येईपर्यंत त्याच बंदरात राहिले. आज पर्यटन-जहाजे कार्ताहेनाला लागतात, तेव्हा त्यांच्या नावाचे चर्च हे प्रवाशांचे एक प्रेक्षणीय स्थळ असते.

जहाजासाठी जो केवळ थांबा असतो, तो तेथे राहणाऱ्यांसाठी गाव असतो. या एका गोष्टीचा विसर पडला की काय होते, हे पाहण्यासाठी कॅरिबियन समुद्रापर्यंत जाण्याची गरज नाही. आपल्याच महाराष्ट्रात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या एका गावाला बंदर बनविण्याचा घाट एकदा घातला गेला होता. ते गाव म्हणजे सिरोंचा.

चंद्रपूरहून बल्लारपूर, आष्टी, आलापल्ली असा दक्षिणेचा रस्ता धरला, की सागवानाचे अरण्य ओलांडल्यावर राज्याच्या अगदी टोकाला हे तालुक्याचे गाव लागते. १९८२ पर्यंत ते चंद्रपूर जिल्ह्यात होते, आता गडचिरोली जिल्ह्यात आहे. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून झालेली प्राणहिता गावाजवळून वाहते व थोड्याच अंतरावर गोदावरीला मिळते. संगमाच्या पलीकडच्या तीरावर काळेश्वरचे प्राचीन देवालय आहे. आणखी खाली, सोमनूरजवळ, बस्तरातून आलेली इंद्रावती गोदावरीत येते. बाजारात मराठीइतकीच तेलुगू ऐकू येते आणि रानातल्या पाड्यांवर माडिया. तीन नद्या आणि तीन भाषा येथे एकत्र नांदतात. तरीही सरकारी नोकरांच्या बोलण्यात या गावाचे नाव निघते, ते बहुधा ‘शिक्षेची बदली’ म्हणून!

दीडशे वर्षांपूर्वी मात्र या गावाकडे मोठ्या आशेने पाहिले जात होते. गोदावरीच्या मुखाजवळ धवलेश्वरम येथे १८५२ साली धरण पूर्ण करणारे अभियंते आर्थर कॉटन यांचे एक स्वप्न होते. वऱ्हाड व वर्धा खोऱ्यातला कापूस बैलगाड्यांवर लादून मुंबईला नेण्याऐवजी तो वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या नद्यांतून थेट पूर्व किनाऱ्यावर न्यावा, हे ते स्वप्न. त्यांचे सहकारी कॅप्टन हेग यांनी नदीची पाहणी करून १८५६ साली अहवाल प्रसिद्ध केला. मार्गात तीन मोठे अडथळे होते, जेथे पात्र खडकांनी भरलेले होते : पहिला भद्राचलमच्या वर दुम्मागुडेम येथे, दुसरा सिरोंचाच्या खालच्या अंगाला इंचमपल्लीजवळ आणि तिसरा अहेरीजवळ प्राणहितेत देवलमरी येथे. या खडकाळ टप्प्यांवर बांध घालावेत, बाजूने कालवे काढावेत, आणि कालव्यांच्या दरवाजांतून बोटी पायरीपायरीने वर चढवाव्यात, अशी योजना होती.

नकाशावर पाहिले, तर सिरोंचा दुसऱ्या आणि तिसऱ्या अडथळ्यांच्या मधोमध, संगमाच्या तोंडाशी येते. कापसाच्या बोटींना विसाव्याचे याहून योग्य ठाणे कोणते? १८६० साली निजामाकडून गोदावरीच्या डाव्या तीरावरील तालुके इंग्रजांकडे आले. त्यांचा ‘अप्पर गोदावरी’ नावाचा जिल्हा झाला, आणि त्याचे मुख्य ठाणे सिरोंचा झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, आणि हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मध्यप्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी जलमार्गाचा हिरिरीने पुरस्कार केला. अरण्यात सुरुंग उडू लागले.

पण नदीचा स्वभाव कागदावर मावत नाही. पावसाळ्यात पात्र दुथडी भरून वाही, तेव्हा काम बंद. उन्हाळ्यात काम चाले, तेव्हा बोट तरंगण्याइतके पाणी नसे. हिवताप आणि पटकीने मजूर हैराण झाले. १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले आणि कापसाचे भाव उतरले. १८६७ साली मुंबईची आगगाडी नागपूरला पोचली आणि जलमार्गाचे प्रयोजनच उरले नाही. दुम्मागुडेमचा बांध आणि कालवा झाला. वरची कामे अर्धवट राहिली. १८७१ साली सरकारने योजना सोडून दिली. १८७४ मध्ये जिल्हाही मोडला. भद्राचलमकडचा भाग मद्रास इलाख्याला जोडला गेला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्याचा एक तालुका होऊन बसले. चौदा वर्षांत जिल्ह्याचे ठाणे आले आणि गेले. ज्या व्यापारासाठी ते आले होते, त्याला सिरोंचा हे गाव नव्हे, केवळ एक टप्पा हवा होता. टप्प्याची गरज संपली तशी गावाची आठवणही संपली.

या अपयशाच्या कथेत एक गोष्ट मात्र टिकली. कॅप्टन हेग हे श्रद्धाळू प्रॉटेस्टंट होते. दुम्मागुडेमच्या कामावर असताना रानातल्या कोया लोकांकडे त्यांचे लक्ष गेले. मजुरांच्या शिधासामग्रीचा कारभार पाहणारे त्यांचे सहकारी व्यंकटरामा राजू यांनी हेग यांच्या सहवासात ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली आणि पुढे सरकारी नोकरी सोडून कोयांच्या सेवेला वाहून घेतले. बोटींची योजना मोडली, अभियंते परत गेले, सुरुंगांचा आवाज थांबला. पण कोयांमधले ते मिशन त्यानंतरही अनेक दशके चालत राहिले. सरकारी तिजोरीतून सर्वांत मोठी रक्कम ज्यावर खर्च झाली, ते वाया गेले; ज्याचा अंदाजपत्रकात उल्लेखही नव्हता, ते राहिले. पुढे अमेरिकन मेथॉडिस्ट मिशनने खुद्द सिरोंचात आपले ठाणे उघडले. ही मंडळी आपल्या संप्रदायाची नव्हती, म्हणून त्यांचे ऋण मान्य करताना आपण संकोच करू नये.

आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचा या भागातील इतिहासही आत्मपरीक्षण करायला लावणारा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर विशाखापट्टणमच्या मिशनक्षेत्राचा विस्तार पूर्व किनाऱ्यापासून थेट कामठी-नागपूरपर्यंत होता, आणि तो आन्सीच्या संत फ्रान्सिस दि सेल्स संघाच्या मूठभर धर्मगुरूंकडे होता. म्हणजे कॉटन यांना जी दोन टोके पाण्याने जोडायची होती, साधारण तेवढेच अंतर हे धर्मगुरू पायी आणि बैलगाडीने तुडवीत होते. त्यांचे मुख्य लक्ष साहजिकच छावण्या आणि शहरे यांकडे होते. मधले अरण्य दीर्घकाळ वाटेवरचेच राहिले. १८८७ साली नागपूर स्वतंत्र धर्मप्रांत झाला. पण चांद्याच्या रानाला स्वतःचे असे मिशन मिळाले, ते १९६२ मध्ये, जेव्हा हा प्रदेश सिरो-मलबार परंपरेतील सीएमआय संघाकडे सोपविण्यात आला. १९७७ साली चांदा धर्मप्रांत झाला. गोदावरीपलीकडच्या आदिलाबादचा वेगळा धर्मप्रांत १९९९ मध्ये झाला. केरळच्या खाडीकाठी वाढलेले तरुण धर्मगुरू आणि धर्मभगिनी या कोरड्या सागवानी मुलखात आल्या. त्यांनी मराठी शिकली, तेलुगू शिकली, शाळा आणि दवाखाने चालविले. संत चावरा यांच्या या संघाने ‘येथून पुढे कोठे?’ असा प्रश्न न विचारता येथेच मुक्काम केला, हे त्यांच्या कामाचे खरे मोल आहे.

हा सारा विषय जुना वाटेल, पण तो संपलेला नाही. गोदावरीच्या खालच्या अंगाला पापीकोंडांच्या घळईत आज पर्यटकांच्या बोटी चालतात. नदीतील पट्टीसीमा बेटावर देवदर्शन, पुढे एखाद्या आश्रमाजवळ थोडा थांबा, बोटीवरच जेवण, आणि संध्याकाळी परत. कॅरिबियन सहलीचेच हे गोदाकाठचे धाकटे भावंड. त्या घळईतील कोया आणि कोंडारेड्डी लोकांची गावे पोलावरम धरणापायी उठत आहेत, हे बोटीवरच्या किती जणांना ठाऊक असते? सिरोंचा तालुक्यातही नदीवर पुन्हा एकवार दुरून नजर पडली. संगमाच्या खाली मेडीगड्डा येथे तेलंगणने बांधलेल्या बंधाऱ्याचे उद्घाटन २१ जून २०१९ रोजी झाले. पाणी पलीकडच्या शेतांसाठी उचलायचे होते. अलीकडच्या तीरावर सिरोंचातील शेतकरी मात्र जमिनी पाण्याखाली जातात म्हणून भरपाईसाठी आंदोलने करू लागले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या बंधाऱ्याचे काही खांब खचले. दीडशे वर्षांच्या अंतराने त्याच नदीवर दुसऱ्यांदा मोठा हिशेब चुकला. दोन्ही वेळा नदीकाठच्या माणसाचे म्हणणे शेवटी ऐकले गेले.

आणि तरीही सिरोंचा रिकामे पडले नाही. एप्रिल २०२२ मध्ये प्राणहितेचा पुष्कर भरला, तेव्हा आगबोटींची वाट पाहत राहिलेल्या या काठावर स्नानासाठी भाविकांची रीघ लागली. एरव्ही कोळी जाळी टाकतात, बाया घाटावर धुणी धुतात, पलीकडच्या बाजाराला माणसे ये-जा करतात. त्यांच्या लेखी हा घाट कधी थांबा नव्हताच. ते त्यांचे घर आहे.

प्रेषितांच्या कृत्यांच्या अखेरीस एका बेटाची कथा येते. वादळात जहाज फुटून संत पौल माल्टाच्या किनाऱ्यावर लागतो. तेथील अनोळखी लोक पावसात कुडकुडणाऱ्या त्या माणसांसाठी शेकोटी पेटवतात. पौल त्या शेकोटीसाठी स्वतः काटक्या गोळा करतो, आजाऱ्यांवर हात ठेवतो, आणि तीन महिने तेथे राहतो. आधी त्याने त्यांचे आतिथ्य घेतले, मग त्यांना काही दिले. तो क्रम आपण विसरतो. आपल्या धर्मग्रामांच्या सहली निघतात, युवक-युवती चांद्याच्या मिशनला ‘भेट’ देऊन येतात, कपड्यांची गाठोडी आणि खाऊ वाटून, फोटो काढून रात्रीच्या गाडीला बसतात. हेतू चांगलाच असतो. पण ज्यांच्या अंगणात आपण बसलो, त्यांचे नाव, त्यांची भाषा, त्यांच्या नदीचे दुःख यांतले काय बरोबर घेऊन आलो, हे घरी परतल्यावर एकमेकांना विचारायला हवे.

जहाजावरच्या आपल्या मुलाचा पुढच्या वेळी एखाद्या बेटावरून फोन येईल, तेव्हा तेथली हवा कशी आहे एवढेच विचारून थांबू नका. धक्क्यावर शहाळी विकणाऱ्या माणसाचे नाव काय, हेही विचारा. ते विचारायला तो गेला, तर थोडा वेळ का होईना, तो खरोखर त्या बेटावर उतरलेला असेल.