टबातला पाहुणा किती स्टार देईल?

जून 1942. ‘भारत छोडो’ला अजून दोन महिने होते. लुई फिशर नावाचा अमेरिकन पत्रकार सेवाग्रामला गांधीजींकडे आठवडाभर मुक्कामाला आला. आमच्या पिपरी मेघेपासून सेवाग्राम म्हणजे गाडीला किक मारली की आलंच. पाऊस पडेपर्यंत इथला जून म्हणजे मे महिन्याचाच थोरला भाऊ. उकाड्याने हैराण झालेल्या फिशरने पत्र्याच्या टबात पाणी भरलं, त्यात लाकडी खोकं ठेवलं, त्यावर टॉवेल टाकला आणि तिथे बसून बाहेरच्या खोक्यावरच्या टाइपरायटरवर नोट्स टाइप केल्या. घाम आला की अंगावर वाडगंभर पाणी. हे सगळं त्यानेच लिहून ठेवलंय.

जेवणाचंही तेच. रोजची उकडलेली भाजी त्याला आवडेना. गांधीजींनी विचारल्यावर त्याने स्पष्ट सांगितलं. त्यावर सल्ला मिळाला, मीठ-लिंबू घाल. म्हणजे चव मारून टाकू का, असं याने छेडलं. मारायची नाही, वाढवायची, असं उत्तर आलं.

आता याचे स्टार करून दाखवा. एअरबीएनबीवर स्वच्छता, ठिकाण, संवाद, पैशाचं मोल अशा गोष्टींना वेगवेगळे स्टार देता येतात. ऊन कुठल्या रकान्यात टाकायचं?

आमच्या गल्लीतल्या एका काकूंना हा प्रश्न खरोखर पडला. वरची खोली त्या एका अ‍ॅपवरून भाड्याने देतात. मे महिन्यात एका पाहुण्याने 3 स्टार दिले. कारण काय, तर ‘फार गरम होतं’. कूलर चालू होता, माठ भरलेला होता. काकू म्हणाल्या, “सूर्याचे पण मार्क माझ्याच नावावर का रे?”

मी कोड लिहिणारा माणूस, हिशेब करून पाहिला. एअरबीएनबीच्या ‘सुपरहोस्ट’ बिल्ल्यासाठी सध्या सरासरी 4.8 लागते. म्हणजे एका 3 ची भरपाई करायला नऊ वेळा 5 मिळाले पाहिजेत. जॉर्जिओस झर्वास आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये दाखवलं होतं की तिथल्या जवळपास 95 टक्के जागांची सरासरी साडेचार किंवा पाच स्टार आहे. अशा वर्गात 4 देणाऱ्याला वाटतं आपण कौतुक केलं. यजमान मात्र नापास.

पाहुण्याने शेरा मारायचा आणि यजमानाने तो वागवत फिरायचं, ही पद्धत आपल्याकडे जुनीच. इंग्रजी अमलात खानसामे आणि नोकर साहेबांनी दिलेली शिफारसपत्रं जपून ठेवत. त्यांना ‘चिट’ म्हणत. शब्द आपल्याच चिठ्ठीवरून गेलेला. इंग्रजी न वाचता येणारा खानसामा वाईट शेराही अभिमानाने पुढच्या साहेबासमोर धरतो, असे किस्से तेव्हाच्या साहेबांच्या लिखाणात चवीने सांगितलेले असतात. मला त्यात हसू येत नाही. त्याच्या पोटाचा निर्णय अशा कागदावर होता जो त्याला कळतच नव्हता.

गांधीजींना मीठ-लिंबाचं उत्तर देता आलं, कारण तक्रार तोंडावर होती, कारणासकट होती, आणि ते गांधी होते. पाहुणा नाराज झाला म्हणून त्यांची खोली यादीत खाली सरकणार नव्हती.

2014 मध्ये एअरबीएनबीने एक दुरुस्ती केली. पाहुणा आणि यजमान दोघांनी लिहिल्यावर, किंवा 14 दिवसांची मुदत संपल्यावरच शेरे उघड होऊ लागले. त्यामुळे सूड म्हणून उलटा शेरा मारणं अवघड झालं. यजमानाला शेऱ्याखाली जाहीर उत्तरही लिहिता येतं. फक्त त्या उत्तराने सरासरी हलत नाही.

काकूंनी आता खोलीच्या वर्णनात पहिलीच ओळ टाकली आहे: ‘मे महिन्यात येत असाल तर विचार करून या.’